गाळाची कनात

कापडाखालून कुत्रं बाहेर आलं तेव्हाच मी समजले, काम बिघडलंय. अंग चोरणं नाही, मान वाकवणं नाही, जसं काही त्याच्यासाठीच तिथे दार ठेवलंय. बाहेर येऊन त्याने माझ्याकडे बघत शेपटी हलवली आणि आत्याबाईंच्या केळीत उतरलं. जिथून कुत्रं येतं तिथून चिखल येणार नाही असं म्हणायला मी काही खुळी नव्हते.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. दापोऱ्याचं हे शेत त्यांचं स्वतःचं. दापोरा त्यांचं माहेर, आणि वडिलांनी जाता जाता लेकीच्या नावावर एक तुकडा करून दिलेला. आम्ही राहतो बऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात. मी शाळेत शिकवते, आमचे हे नोकरीसाठी इंदूरला, सणावाराला तोंड दाखवतात. शेती आत्याबाई एकट्या पाहतात. सकाळी रिक्षा धरून दापोऱ्याला जायचं, दुपारी परत. यंदा मृगात लावलेल्या बागेची रोपं जेमतेम दीड वीत झाली होती. केळीचं रोप ह्या वयात तान्ह्या लेकरासारखं असतं. मधल्या पोंग्यात, नव्या पानाच्या सुरळीत, चिखल बसला की ते आतून सडतं आणि वरून कळतसुद्धा नाही.

त्या केळीच्या वर टेकाड आहे. टेकाड एका टेंटवाल्या शेठनं घेतलं आणि तिथे मॅरेज गार्डन बांधायला काढलं. त्या कामाचा ठेकेदार म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. आधी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबला, हे त्याचं स्वतःचं पहिलं काम. त्याला काम मिळालं त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले होते. टेकाड कुठलं, हे मला नंतर कळलं.

आत्याबाईंनी एकच विचारलं होतं. "टेकाड उकरलं तर पाणी कोणाकडं येईन?"

आणि मी, माझी जीभ मेली नेहमी डोक्याच्या आधी धावते, फटकन बोलून गेले. "माझा भाऊ आहे ना तिथे. तुमच्या केळीत चिमूटभर माती यायची नाही."

त्यांनी भाजी निवडता निवडता माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, "तुह्या शब्दावर."

त्या दिवसापासून माझी झोप गेली म्हणा ना. कारण आत्याबाईंचा राग कसा असतो ते मला माहीत आहे. त्या भांडत नाहीत. त्या पाणी बंद करतात, घ्यायचंही आणि द्यायचंही.

त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाला त्यांच्या सख्ख्या भावाचं शेत आहे, आमचे मामाजी. फार वर्षांपूर्वी, माझं लग्न व्हायच्या आधी, एका पावसात आत्याबाईंचा बांध फुटला आणि सगळा गाळ मामाजींच्या कपाशीत गेला. मामाजी चार माणसांसमोर बोलून गेले, "बांध सांभाळता येत नाही तर बापाकडून शेत कशाले घेतलं?" आत्याबाईंनी उलट उत्तर दिलं नाही. पण तेव्हापासून माहेरचं पाणी त्यांना बंद. राखीला जातात, भावाला ओवाळतात, राखी बांधतात, आणि तोंडात एक थेंब न घालता उठून येतात. स्वतःच्या बोअरचं पाणी मचूळ, भावाची गोड विहीर बांधाला लागून, घर हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई रोज सिंधीपुऱ्याहून निळ्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी भरून दापोऱ्याला नेते. नवी नवी होते तेव्हा मी एकदा म्हटलं होतं, कशाला एवढं ओझं वाहता.  त्यांनी कॅनचं झाकण जरा जास्तच घट्ट पिळलं.

तर माझी भीती ही अशी होती. केळीत चिखल उतरला तर घरात आरडाओरडा होणार नाही. फक्त माझा भाऊ आमच्या घरी येईल, बसेल, आणि त्याच्यासमोर पाण्याचा पेला येणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. आणि मला त्या घरात उरलेला जन्म काढायचा. सांगायचं कोणाला?

भावाला मी पहिल्याच दिवशी धरला होता. तो हसला. "ताई, तू टेन्शन नको घेऊ ना यार. सिल्ट फेन्स लावतो ना मी." हायवेच्या कामावर असताना तो हे शिकला होता. उताराच्या खालच्या बाजूला आडवं कापड लावायचं, काळं, जाडसर, खुंट्यांना ताणून. ते पाणी अडवायला नसतं, असं त्याने मला स्वयंपाकघरात चहाची गाळणी दाखवून समजावलं. चिखलाचं पाणी कापडापाशी येतं, थांबतं, दम खातं. माती खाली बसते आणि पाणी हळूहळू झिरपून पुढे जातं. "बस, इतकंच," म्हणाला. मला बरं वाटलं. म्हणजे दोन दिवस वाटलं.

कापड आलं, आणि नेमका त्याच आठवड्यात भाऊ लोखंड घ्यायला बाहेरगावी गेला. जाताना कापड कसं लावायचं ते शेठला सांगायला लागला. शेठ म्हणाले, "कपड़े और बल्ली का काम तुम मुझे सिखाओगे? खानदानी काम है हमारा." आणि त्यांनी आपल्या टेंट हाऊसची माणसं लावली. ज्यांनी जन्मभर लग्नाचे मांडव घातले ती माणसं. आता आमच्या गावात कापड म्हटलं, बांबू म्हटलं की टेंटवालाच आठवणार, त्यात भावाचं तरी काय चुकलं म्हणा.

त्यांनी काम फार सुंदर केलं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढून बघायला गेले तर टेकाडाच्या पायथ्याशी, मांडवाच्या कडेला लावतात तशी, काळी कनात उभी. सुरकुती नाही, झोळ नाही, बांबू आतल्या बाजूला लपवलेले, दोऱ्या एकसारख्या ताणलेल्या. आणि कनातीचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर, कारण कनात अशीच बांधतात. खालचा काठ मळू नये म्हणून. तिथून ते कुत्रं बाहेर आलं.

मी तिथूनच भावाला फोन लावला.

"लागलं ना ताई? शेठनी फोटो पाठवला. एकदम झकास दिसतंय."

"खालून कुत्रं गेलं," मी म्हटलं.

"म्हणजे खालून मोकळं आहे?"

"वीतभर."

"चारी नाही खोदली? कापड जमिनीत गाडलं नाही?"

"भावा," मी म्हटलं, "झालर लावायची तेवढी बाकी ठेवलीय. चारी कसली विचारतोस?"

"येतो मी," म्हणाला आणि फोन ठेवला. नेहमी यार-बियार लावतो, त्या दिवशी लावलं नाही. 

घरी आले तर आत्याबाई गच्चीवरचे पापड आवरत होत्या. आभाळ तापीच्या अंगाने काळं होत चाललं होतं. आठवडाभर पावसाने उघडीप दिलेली, आणि आता सगळं एकदम वसूल करणार असं दिसत होतं.

"लावलं का तुह्या भावानं ते कापड?"

"लावलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं. कापड लावलेलंच होतं. पण तो शब्द तोंडातून निघताना कसा निघाला ते माझं मला माहीत. शेवभाजी केली होती, माझ्या आवडीची, तीसुद्धा नुसती चिवडत बसले. मन चिंती ते वैरी न चिंती. मी जेवता जेवता अख्खी बाग सडवली, भावाला उंबऱ्याबाहेर उभा केला आणि राखीला एकटीच माहेरी जाऊन परत आले. आत्याबाई म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का व?" मी म्हटलं, शाळेत फार कटकट झाली.

रविवारी सकाळीच, आज शेत मी बघते, तुम्ही घरी थांबा असं आत्याबाईंना सांगून मी दापोऱ्याला पोचले. भाऊ आधीच आला होता, तीन मजूर घेऊन. शेठही आले होते, पांढरा झब्बा, पांढरी चप्पल. भाऊ त्यांना समजावत होता की कनात खाली घ्यायची. वरच्या अंगाला वीतभर खोल चारी खोदायची, कापडाचा काठ तिच्यात दुमडून सोडायचा, वर माती टाकून चोपायची. बांबू खालच्या बाजूला घ्यायचे, म्हणजे चिखलाचा भार कापडावर आला तर ते बांबूला टेकेल. आणि दोन्ही टोकं उताराच्या वर वळवायची, नाहीतर पाणी टोकाला वळसा घालून निसटतं.

शेठना ते पटेना. "मिट्टी में गाड़ोगे? नया कपड़ा है, सड़ जाएगा." मग माझ्याकडे वळले. "मॅडमजी, आप बताओ. कनात का किनारा मैला दिखे तो लोग नाम रखते हैं." माणूस वाईट नव्हता. त्यांच्या धंद्यात तेच खरं होतं. पण माझं डोकं रात्रभर तापलेलं.

"भाईजी," मी म्हटलं, "इथे वरात येणार नाही, चिखल येणार आहे. त्याला कोण नावं ठेवणार? आणि आला तर तो तुमच्या गार्डनमधून माझ्या सासूच्या ताटात येणार. मग तुमच्या गार्डनच्या उद्घाटनाला सगळ्यात पुढे मी उभी राहीन, आणि काय काय बोलीन ते मला आत्ताच सांगता येत नाही."

भाऊ खाली बघून हसू दाबत होता. शेठनी माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि झब्ब्याच्या बाह्या वर केल्या. "खोदो," म्हणाले. आणि खरं सांगते, एकदा कामाला लागल्यावर कापड ताणायला त्यांच्यासारखा माणूस नाही. मजूर चारी खोदत पुढे, भाऊ काठ दुमडत मागे, शेठ दोऱ्या ओढत, आणि मी पायाने माती चोपत. शाळेतली बाई मी, पण त्या दिवशी कोणी पाहिलं असतं तर मातीकामाची मजूर म्हटलं असतं. चोपताना मनात एकच. एवढी जागा झाली, एवढी राहिली, आभाळ थांबतंय का.

आभाळ थांबलं नाही. दुपारी, बांधावरच्या कडुनिंबाजवळचं शेवटचं टोक राहिलेलं असताना पाऊस आला. आधी टपटप, मग एकदम धो धो. टेकाडावर उकरलेला मुरूम होता, त्याचं लाल पाणी रेघा काढत खाली यायला लागलं, मग रेघांच्या चाऱ्या झाल्या. मी कापडाच्या खालच्या बाजूला, केळीच्या बांधावर जाऊन उभी राहिले. छत्री होती, उघडायचं सुचलं नाही.

पाणी कापडापाशी आलं आणि साचलं. कापडाला पोट आलं. बांबू करकरले. मी मनातल्या मनात देवाला, भावाला, शेठच्या खानदानाला, सगळ्यांना एकदम हाक मारली. कापडाने तग धरला. त्याच्या अंगातून झिरपून पाणी यायला लागलं, पातळ, चहाच्या रंगाचं, आणि वर गाळ बसत चालला होता. जिथे जिथे गाडलं होतं तिथे तिथे ते टिकलं. मी भावाकडे बघितलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो निंबाकडे धावत होता.

ते टोक वळवायचं राहिलं होतं. पाण्याला कळायला कितीसा वेळ लागतो. ते कापडाच्या कडेकडेने सरकत गेलं, टोकाला वळसा घातला आणि सरळ केळीच्या वळींत, रोपांच्या ओळींत, घुसलं. मुरूम भरलेल्या सिमेंटच्या गोण्या त्या तोंडावर रचेपर्यंत दोन वळी गेल्या. दोन्ही वळींतली रोपं मानेपर्यंत लाल चिखलात, फक्त वरची पानं बाहेर. उरलेलं पाणी रोपांतून खाली धावलं आणि खालच्या बांधाशी, मामाजींच्या कपाशीच्या काठावर तुंबलं.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात निळी कॅन, आत्याबाई उतरल्या. पावसात त्या घरी बसतील असं मला वाटायलाच नको होतं.

त्या बांधावरून चालत आल्या. टिकलेल्या वळी पाहिल्या, वरचं कापड पाहिलं, त्याच्यामागे साचलेला गाळ पाहिला. मग त्या दोन वळींपाशी येऊन थांबल्या. मला म्हणायचं होतं की बाकीचं टिकलं, बघा ना, बाकीचं सगळं टिकलं.  पण शब्द माझा होता, आणि माझ्या शब्दात दोन वळींची सूट नव्हती.

आत्याबाई खाली बसल्या, छत्री बाजूला टाकली आणि बोटाने एका रोपाच्या पोंग्यातला चिखल काढायला लागल्या. भाऊ आला. आपादमस्तक लाल. तो त्यांच्यापासून जरा अंतरावर बसला आणि दुसऱ्या रोपाचा पोंगा मोकळा करायला लागला.  पाऊस कमी होत गेला. नुसत्या बोटाने काही होत नव्हतं, आतली बारीक माती निघत नव्हती, आणि लाइट गेल्याने बोअरची मोटर बंद. भावाने इकडेतिकडे पाहिलं आणि कॅनकडे हात केला.

"आत्याबाई, हे पाणी घेऊ?"

 मूर्खा, ते पिण्याचं पाणी आहे, ह्या गावात त्यांना दुसरं पाणी नाही. पण त्याला ते कुठे माहीत. घरातली गोष्ट मी माहेरी कधी बोलले नव्हते.

आत्याबाईंनी कॅन त्याच्याकडे सरकवली.

तो एकेका पोंग्यात थोडं थोडं पाणी सोडत, बोटाने धुवत पुढे सरकला. आत्याबाई समोरच्या बाजूने. मीही बसले. कॅन हलकी होत गेली आणि शेवटच्या रोपांना येईपर्यंत रिकामी झाली. आत्याबाई कंबर धरून उभ्या राहिल्या.

"ह्यातली जी सडतील त्यांच्या जागी नवी रोपं तू लावून द्यायची," त्या भावाला म्हणाल्या. "मजूर नाही पाठवायचा. स्वतःच्या हातानं."

"हो."

"ते कापड उरलं का काही?"

"आहे ना. निंबाजवळ लावूनही एक तुकडा उरेल."

"तो खालच्या बांधाले लाव."

"खाली तर तुमचं शेत संपतं ना?" भाऊ म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

आत्याबाई खालच्या तुंबलेल्या पाण्याकडे बघत होत्या. पाणी बांधाच्या काठाला आलं होतं. "तिथं कपाशी हाय," त्या म्हणाल्या. "माह्या भावाची."

भावाने आणि शेठनी निंबाजवळचं टोक वळवून गाडलं आणि मग खाली चारी खोदायला घेतली. खोदण्याचा आवाज ऐकून मामाजी घरातून बाहेर आले. डोक्यावर पोतं घेतलेलं. थोडा वेळ लांबच उभे राहिले. मग बांधाच्या त्यांच्या बाजूने आले आणि एक बांबू सरळ धरून उभे राहिले, माझ्या भावाला ठोकता यावा म्हणून. आत्याबाई अलीकडे, मामाजी पलीकडे, मध्ये काळं कापड.  आता कोणी एक शब्द वावगा बोललं तर संपलं.

आत्याबाईंना ठसका लागला. चिखल-पाण्यात बसून घसा सुकला होता. त्यांनी रिकामी कॅन उचलून हलवली.

"द्या इकडे," भाऊ म्हणाला, "साइटवरच्या टाकीतून भरून आणतो."

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "खालच्या विहिरीचं पाणी गोड हाय." साडी जरा वर खोचली, बांध ओलांडला आणि मामाजींच्या घराच्या दिशेने चालायला लागल्या. मामाजींनी हातातला बांबू माझ्याकडे दिला आणि त्यांच्यामागे गेले. दोघं आत किती वेळ होते, काय बोलले, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी आत्याबाई माझ्यामागे स्कूटरवर बसल्या. भरलेली कॅन माझ्या पायाशी. "हळू घे व," त्या प्रत्येक खड्ड्याला म्हणत होत्या, "झाकण नीट लागत नाही तिचं." भाऊ मोटरसायकलवर मागे. कोरडे कपडे घ्यायला चल म्हणून मीच त्याला ओढला होता, पण सिंधीपुऱ्यात दारापर्यंत आल्यावर माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, पाय चिखलाचे आहेत, इथेच ठीक आहे.

आत्याबाई आत गेल्या. स्वयंपाकघरात माठ भरलेला होता. त्यांनी माठाला हात लावला नाही. कॅनचं झाकण काढलं, पेला भरला, बाहेर आणून त्याच्या हातात दिला.

"पी," त्या म्हणाल्या. "माह्या माहेरचं हाय."

त्याला काहीच कळलं नाही. तो उभ्याउभ्या प्यायला आणि अजून थोडं मागितलं.